जळक्या सांगाड्याचं कूळ: जुनी इटालियन गाडी ओळखतात कशी?

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला आरएम सदबीज या लिलाव कंपनीनं एक फेरारी विकली. फेरारी म्हणायची एवढंच. समोर होता तो आगीत होरपळलेला, चेपलेला, गंजलेला पत्र्याचा सांगाडा. आपल्याकडचा भंगारवाला तो वजनावर घ्यायलाही कुरकुरला असता. तो विकला गेला १८ लाख ७५ हजार डॉलरला. तेव्हाच्या दरानं साडेपंधरा कोटी रुपयांच्या आसपास.

असली बातमी वाचली की 'लोकांना पैसा जास्त झालाय' म्हणून आपण पुढे जातो. पण घेणारा खुळा नव्हता. त्यानं पत्र्याचे पैसे मोजले नव्हते, ओळखीचे मोजले होते. त्या सांगाड्याची ओळख होती '०४०६ एमडी': १९५४ ची फेरारी ५०० मोंडिआल, बॉडी बनवणाऱ्या पिनिन फारिना कंपनीनं बॉडी चढवलेल्या १३ स्पायडरांपैकी (उघड्या टपाच्या गाड्यांपैकी) एक आणि या मॉडेलची दुसरीच गाडी. त्या वर्षीच्या मिल्ले मिलिया शर्यतीत फ्रांको कोर्तेझे आणि पेरुकिनी ही जोडी हिच्यात बसून एकूण १४ वी आली. हा कोर्तेझे म्हणजे १९४७ साली रोममध्ये फेरारीला पहिलावहिला विजय मिळवून देणारा ड्रायव्हर. गाडी पुढे अमेरिकेत गेली, साठच्या दशकात अपघात होऊन पेटली आणि नंतर कित्येक वर्षं एका संग्राहकाकडे तशीच पडून राहिली. २००४ साली चार्ली वादळानं फ्लोरिडात थैमान घातलं, त्यात ज्या शेडमध्ये या संग्राहकाच्या फेरारी होत्या ती शेडच कोसळली. तिथून त्या हलवल्या गेल्या आणि जवळजवळ दोन दशकांनी लिलावात उतरल्या.

आता प्रश्न असा, की एका जळक्या पत्र्याबद्दल इतकं सगळं इतक्या खात्रीनं कोण आणि कशावरून सांगतं? नंबर तर कुणीही कशावरही ठोकू शकतो.

खरं आहे, ठोकू शकतो. म्हणूनच या कामात एकट्या नंबरावर कुणी विसंबत नाही. धातूवरचे ठसे, कारखान्याच्या वह्या, सरकारी नोंदी, जुने फोटो आणि सुट्या भागांवरच्या तारखा, हे सगळे पुरावे वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी, एकमेकांना न विचारता तयार केलेले असतात. ते सगळे एकाच गाडीकडे बोट दाखवायला लागले की ओळख पटली म्हणायची. एखादा फटकून वागला, तर तो का फटकला हे शोधायचं. बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच दडलेली असते.

एक गाडी, तीन गावं, चार नंबर

इटालियन गाड्यांचा गुंता जास्त, कारण त्या एका छपराखाली बनतच नव्हत्या. लॅम्बोर्गिनीची मिउरा घ्या. तिची पोलादी चॅसिस बनायची मोडेनाच्या मार्केसी वर्कशॉपमध्ये. मार्चेल्लो गांदिनीनं रेखाटलेली बॉडी बनायची ट्युरिनला, बेर्तोनेकडे. रंगवून, आतलं चामडं लावून ती यायची सांत'आगाता बोलोन्येझे गावातल्या लॅम्बोर्गिनीच्या कारखान्यात आणि तिथे तिच्यात इंजिन बसायचं. प्रत्येक ठिकाणी आपापली वही आणि आपापला क्रमांक. त्यामुळे एकाच मिउरावर चॅसिस नंबर, इंजिन नंबर, बेर्तोनेचा बॉडी नंबर आणि लॅम्बोर्गिनीचा उत्पादन क्रमांक असे चार वेगवेगळे आकडे निघतात. शिवाय चॅसिस नंबर लहान म्हणजे गाडी आधी बनली, असंही मानता येत नाही. खरा क्रम कळतो तो उत्पादन क्रमांकावरून.

फेरारीचंही तसंच. इंजिन आणि जोडणी मारानेल्लोला, बॉडी कधी मोडेनाच्या स्कालिएत्तीकडे तर कधी ट्युरिनच्या पिनिनफारिनाकडे. (पिनिनफारिना हे जोडनाव १९६१ पासूनचं, त्याआधी 'पिनिन' आणि 'फारिना' सुटे लिहीत. बॉडीवरच्या बिल्ल्यावर नाव कसं लिहिलंय यावरूनही काळाचा अंदाज येतो.) मारानेल्लोत एक साधा पण फार उपयोगी रिवाज होता. पन्नाशीच्या दशकापासून पुढे रस्त्यावर चालवायच्या गाड्यांना विषम चॅसिस नंबर आणि शर्यतीच्या गाड्यांना सम. वरची ०४०६ सम आहे, म्हणजे जन्मानं शर्यतीची. सोबतची 'एमडी' ही अक्षरं मोंडिआलची. अपवाद आहेतच. फेरारीच्याच डिनो या लहान गाड्यांची मालिका वेगळी आणि ती सगळी सम आकड्यांची, तेव्हा डिनोवर सम नंबर बघून 'शर्यतीची गाडी सापडली' म्हणून नाचू नये.

डिनोवरून आठवलं. १९७८ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये एका घराच्या अंगणात मुलं माती उकरत होती आणि खाली चक्क गाडीचं छप्पर लागलं. पोलिसांनी खणून काढली तर डिनो २४६ जीटीएस, चॅसिस नंबर ०७८६२. डिसेंबर १९७४ मध्ये चोरीला गेल्याची नोंद होती, विम्याचे पैसेही मालकाला मिळून गेले होते. इथे नंबर जुळला आणि काम झालं. इतकं सरळ प्रकरण क्वचितच वाट्याला येतं.

धातूवरचा ठसा वाचायचा कसा

सेकंडहँड गाडी नावावर करून घेताना आरटीओतला एजंट चॅसिस नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतो आणि ठसा उमटवतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. जुन्या फेरारीचा अभ्यासकही सुरुवात अशाच ठशापासून करतो. फरक एवढाच, की एजंटला फक्त आकडे हवे असतात आणि याला आकड्यांचं अक्षर हवं असतं.

त्या काळी नंबर यंत्रानं नव्हे, माणसाच्या हातानं पडायचे. एकेका आकड्याचा पोलादी पंच धरायचा आणि वर हातोडा हाणायचा. त्यामुळे आकडे एका रेषेत नसतात, मधलं अंतर सारखं नसतं, एखादा खोल जातो तर एखादा तिरका. एखाद्या कारखान्यात पंचांचा एक संच बराच काळ वापरात राहायचा. त्यातल्या एखाद्या आकड्याचं वळण वेगळं असेल किंवा कोपरा झिजलेला असेल, तर त्याच सुमाराच्या दुसऱ्या गाड्यांवरही तीच खूण सापडते. म्हणून अभ्यासक शेकडो ठशांचे फोटो जपून ठेवतात आणि संशयित ठसा त्यांच्या शेजारी ठेवून बघतात. सगळे आकडे पट्टी लावल्यासारखे सरळ दिसले, तर माझ्या मते तिथेच कान टवकारावेत.

खोडलेला नंबरही परत वाचता येतो, आणि तो प्रकार मोठा मजेशीर आहे. पंच आपटला की पृष्ठभागावर खाच पडतेच, पण खाचेखालचा धातूही दाबला जाऊन त्याची अंतर्गत रचना बदलते. कुणी कानस मारून खाच पुसली तरी खालचा दाबलेला थर शिल्लक राहतो. तो भाग गुळगुळीत करून त्यावर योग्य आम्ल लावलं की दाबलेला धातू आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीनं खाल्ला जातो आणि पुसलेले आकडे हळूहळू वर दिसायला लागतात. पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा चोरीच्या गाड्यांवर हेच करतात. आता चुंबकीय पद्धतीनं, पृष्ठभागाला धक्का न लावताही पोलादाखालचा नंबर बघता येतो. कोट्यवधींच्या गाडीवर आम्ल ओतायला कोण तयार होणार, म्हणून ही दुसरी पद्धत जास्त आवडीची.

इंजिनच्या कप्प्यात रिव्हेट मारून लावलेली चकचकीत पाटी मात्र सगळ्यात शेवटी बघावी. रिव्हेट काढायचे, नवी पाटी लावायची, काम झालं. नवखा माणूस आधी पाटी वाचतो. जाणकार सरळ चॅसिसच्या नळीकडे आणि इंजिनच्या ब्लॉककडे वळतो.

यापलीकडे आतले नंबर असतात. फेरारीच्या इंजिनवर आणि गिअरबॉक्सवर कारखान्याच्या सोयीसाठी 'नुमेरो इंतेर्नो', म्हणजे अंतर्गत क्रमांक ठोकलेला असे. बॉडी बनवणारे कारागीरही आपला बॉडी नंबर दरवाज्याच्या आत, बॉनेटखाली, ट्रिमच्या पाठीमागे टाकून ठेवत, कारण हातानं घडवलेला दरवाजा त्याच गाडीला बसायचा, शेजारच्या गाडीला नाही. हे आकडे ग्राहकासाठी नव्हतेच. बनावट करणाऱ्याचं लक्ष बाहेरच्या नंबरांवर असतं, त्यामुळे तो इथे सापडतो.

'मॅचिंग नंबर्स' हा शब्द जाहिरातींत फार स्वस्त झालाय. चॅसिसवरचा आणि इंजिनवरचा आकडा हुबेहूब एकच हवा, असा त्याचा अर्थ नाही. कारखान्याच्या वहीत या चॅसिसपुढे जे इंजिन, जो गिअरबॉक्स लिहिलाय, तोच आजही गाडीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे वही बघितल्याशिवाय हा शब्द वापरायचा अधिकार कुणालाच नाही. ०४०६ एमडीचं मूळ इंजिन गेलेलं होतं; सोबत मिळालं ते दुसरं, लाम्प्रेदी या फेरारीच्या अभियंत्याच्या आराखड्याचं तीन लिटरचं इंजिन. पण गिअरबॉक्स मूळचा होता. किंमत ठरताना अशा एकेका भागाचा हिशेब होतो.

सुट्या भागांवरच्या तारखांचं तर्कशास्त्र सोपं आहे. वेबरचा कार्ब्युरेटर, मान्येती मारेल्लीचं इलेक्ट्रिकचं सामान, वेल्याचे डायल, कांपान्योलोची चाकं, काचांवरचे कोरीव शिक्के. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर त्या बनल्याचा महिना-साल किंवा त्याचा काही ना काही संकेत असतो. भाग गाडीच्या आधी काही महिने बनलेला असू शकतो, नंतर बनलेला असू शकत नाही. १९६९ च्या गाडीत १९७१ चा डायल निघाला तर तो नंतर बदललाय. त्यात गुन्हा काही नाही, पण विकणारा 'सगळं मूळचं आहे' म्हणत असेल तर मग त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

जपानमधली डेटोना आणि एक लोहचुंबक

या सगळ्याचा कस लागला तो २०१७ साली पुढे आलेल्या एका गाडीत. फेरारी ३६५ जीटीबी/४, जिला सगळं जग डेटोना म्हणतं. (हे टोपणनाव. १९६७ च्या डेटोना २४ तास शर्यतीत फेरारीनं पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, त्यावरून पडलेलं.) १९६८ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. रेखाटन पिनिनफारिनाच्या लिओनार्दो फियोरावांतीचं, बॉडी स्कालिएत्तीची, पुढे ४.४ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन. अशा बंद छपराच्या बाराशेहून जास्त गाड्या बनल्या. म्हणजे महाग खरी, पण दुर्मीळ म्हणावी अशी नाही.

जपानमध्ये एका घराशेजारच्या शेडमध्ये जवळजवळ चाळीस वर्षं एक डेटोना उभी होती. चॅसिस नंबर १२६५३. मीटरवर ३६,३९० किलोमीटर. अंगावर धुळीचा जाड थर. आणि या गाडीबद्दल फेरारीप्रेमींत पूर्वीपासून कुजबुज होती, की तिची संपूर्ण बॉडी अॅल्युमिनियमची आहे.

यात विशेष काय? डेटोनाची बॉडी पोलादी असते. शर्यतीसाठी स्कालिएत्तीनं अॅल्युमिनियमच्या पाच हलक्या गाड्या बनवल्या, त्या सगळ्यांना माहीत होत्या. पण रस्त्यावर चालवायची, साध्या ग्राहकाला विकलेली अॅल्युमिनियमची डेटोना? ती खरी असेल तर एकमेव ठरणार होती.

आता कल्पना करा, तुम्ही खिशात लोहचुंबक घेऊन त्या शेडमध्ये उभे आहात. बॉनेटला लावलात, चिकटला नाही. हुरळून जाऊ नका. साध्या डेटोनाचंही बॉनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचंच असतं. दरवाज्याला लावलात, तिथेही नाही. बऱ्याच साध्या डेटोनांचे दरवाजेही अॅल्युमिनियमचे आहेत. चुंबकाची खरी परीक्षा छपरावर आणि मागच्या चाकांवरच्या पत्र्यावर, कारण साध्या गाडीत तिथे पोलाद असतं. आणि तिथेही नाही चिकटला, तरी आणखी एक शंका उरते: पत्र्यावर जाड पुट्टी भरली असेल तरी चुंबक निसटतो. म्हणून आतल्या बाजूनं, चाकाच्या कमानीखाली हात घालून, उघडा पत्रा बघायचा. पोलादाला तांबूस गंज चढतो, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. अॅल्युमिनियमचा पत्रा जिथे पोलादी सांगाड्याला टेकतो तिथे तर दोन धातूंच्या संगतीनं ही झीज जास्तच होते. जुन्या इटालियन गाड्यांची ही हमखास दुखणी. ओळख पटवताना मात्र तीच कामाला येतात.

पण धातू अॅल्युमिनियमचा निघाला, एवढ्यानं भागत नाही. कुणी हौशी मालकानं नंतर बॉडी बदलून घेतली नसेल कशावरून? इथे कागद लागतात. फेरारीचे प्रसिद्ध इतिहासकार मार्सेल मासिनी यांच्या संशोधनातून साखळी जुळत गेली. गाडी जून १९६९ मध्ये पूर्ण झाली. सुरुवातीच्या डेटोनांना असायचे तसे तिचे पुढचे दिवे प्लेक्सिग्लासच्या पट्टीमागे होते. उघडझाप करणारे दिवे नंतर आले. पहिला मालक लुचानो कोंती: 'ऑटोस्प्रिंट' या इटालियन मोटार साप्ताहिकाचा संस्थापक आणि एन्झो फेरारीचा मित्र. जानेवारी १९७० मध्ये त्याच्या साप्ताहिकात ही गाडी झळकली. १९७१ मध्ये ती जपानला गेली आणि जानेवारी १९७२ च्या 'कार ग्राफिक' या जपानी मासिकात पुन्हा दिसली. १९८० पासून ती शेवटच्या मालकाकडे होती.

पहिला मालक कोण होता हे कळलं की एकमेव गाडीचं कोडं बरंच सुटतं. एन्झो फेरारीच्या दोस्तासाठी कारखान्यानं वाकडी वाट केली असेल, हे पटण्यासारखं आहे. एरवीच्या ग्राहकासाठी कशाला केली असती? ९ सप्टेंबर २०१७ ला, फेरारीच्या सत्तराव्या वर्षानिमित्त मारानेल्लोत झालेल्या लिलावात ती अंगावरच्या धुळीसकट विकली गेली. किंमत १८ लाख ७ हजार युरो.

कागद: इटलीचा सातबारा

इटलीत १९२७ पासून प्रत्येक गाडीच्या मालकीची सरकारी नोंद ठेवली जाते. 'पुब्लिको रेजिस्त्रो आउतोमोबिलिस्तिको' हे त्या नोंदवहीचं नाव, बोलताना नुसतं 'प्रा'. गाडीचा नंबर दिला की तिथून 'एस्त्रात्तो क्रोनोलोजिको' मिळू शकतो: पहिला मालक कोण, त्यानं कधी विकली, कुणाला विकली, कर्ज होतं का, गाडी देशाबाहेर केव्हा गेली. सातबारा आणि त्यावरचे फेरफार एकाखाली एक वाचावेत तसा हा उतारा वाचायचा. सुरुवातीला कारखान्यानं दिलेला 'चेर्तिफिकातो दि ओरिजिने', म्हणजे मूळ दाखला असतो. त्यावर चॅसिस आणि इंजिन या दोन्हींचे नंबर असतात, म्हणून तो हाती लागला तर सोन्याहून पिवळं.

१९९४ पर्यंत इटालियन नंबरप्लेटवर प्रांताची अक्षरं असत. एमआय म्हणजे मिलान, बीओ म्हणजे बोलोन्या, एमओ म्हणजे मोडेना. एकट्या रोमचं नाव पूर्ण लिहीत, राजधानीचा थाट. गाडी दुसऱ्या प्रांतात गेली की प्लेट बदलायची. त्यामुळे जुन्या फोटोत प्लेट वाचता आली तर तो फोटो कोणत्या मालकाच्या काळातला, हे उताऱ्याशी ताडून काढता येतं.

कारखान्यांकडेही दफ्तरं आहेत. फेरारीचा जुन्या गाड्यांसाठीचा क्लासिके विभाग, लॅम्बोर्गिनीचं तसलंच, २०१५ साली सुरू झालेलं पोलो स्तोरिको, अल्फा रोमियोचं आरेझेतलं दस्तऐवज केंद्र. अल्फाच्या केंद्राला चॅसिस नंबर कळवला की गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता, कधी आणि कुठे रवाना झाली, याचं पत्र मिळतं.

कागद खोटं बोलत नाहीत असं मात्र समजू नका. पन्नाशीच्या दशकात शर्यतीच्या गाड्या सीमेपार नेताना सीमाशुल्काचं कार्नेट, म्हणजे गाडीचं परवानापत्र, लागायचं आणि त्यावर ठरावीक चॅसिस नंबर असायचा. ऐनवेळी ती गाडी तयार नसेल तर संघ काय करायचे? दुसऱ्या गाडीवर कार्नेटमधला नंबर लावून मोकळे व्हायचे. शर्यतीच्या निकालात मग भलताच नंबर नोंदला जायचा. आज कुणी 'ही अमुक शर्यतीत धावलेली गाडी' म्हणतो तेव्हा पुरावा फक्त निकालपत्राचा असेल, तर तो अर्धाच पुरावा. शिवाय तेव्हा या गाड्या म्हणजे जुनी हत्यारं होती, वारसा वगैरे काही नव्हता. उपयोग संपला की मोडायच्या आणि भाग पुढच्या गाडीत घालायचे.

पांढरी हेडरेस्ट

फोटो आणि चित्रफिती यांची ताकद कळायला मिउरा चॅसिस नंबर ३५८६ हे उत्तम उदाहरण. १९६९ च्या 'द इटालियन जॉब' या ब्रिटिश चित्रपटाच्या सुरुवातीला एक नारिंगी मिउरा आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड घाटातून धावते आणि बोगद्यात तिचा चुराडा होतो. चुराडा झाला तो आधीच अपघातात मोडलेल्या दुसऱ्या मिउराचा. मग धडधाकट गाडी कुठे गेली? पन्नास वर्षं हा वाद चालू होता.

लॅम्बोर्गिनीनं २०१९ मध्ये ३५८६ हीच ती गाडी म्हणून प्रमाणित केलं. कारखान्याच्या नोंदींसोबत एन्झो मोरुत्झी या जुन्या कर्मचाऱ्याची साक्ष होती. चित्रीकरणासाठी गाडी घेऊन गेलेला हाच, आणि चित्रीकरणात ती चालवणाराही हाच. कारखान्याच्या ओळीत एक डाव्या स्टिअरिंगची नारिंगी मिउरा जवळजवळ तयार होती, ती त्यानं नेली. अडचण आतल्या पांढऱ्या चामड्याची. गाडी परत आणून ग्राहकाला नवीकोरी म्हणून द्यायची होती, डाग पडून चालणार नव्हतं. म्हणून पांढऱ्या सीट काढून चाचणीच्या गाडीच्या काळ्या सीट बसवल्या. पण मिउरात हेडरेस्ट सीटला नसतात. ड्रायव्हरच्या पाठीमागे इंजिन असतं, त्याच्या आणि केबिनच्या मधल्या पडद्याला ते जोडलेले असतात. ते बदलायला वेळ नव्हता. चित्रपट थांबवून नीट बघितलं तर काळ्या सीटवर पांढरे हेडरेस्ट दिसतात.

म्हणजे शोधायची होती ती पांढऱ्या आतल्या सजावटीची नारिंगी मिउरा, जी चित्रीकरणानंतर लगेच ग्राहकाला गेली. ३५८६ ही २ जुलै १९६८ ला रोममधल्या विक्रेत्याकडे रवाना झाली होती. जुळलं. वर म्हटलं तसं, फटकून वागणाऱ्या पुराव्यानंच गाडी ओळखून दिली.

फ्रान्समधल्या बायोन संग्रहातली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, नंबर २९३५ जीटी, हिची गोष्टही अशीच फोटोंवर उभी आहे. शेडमध्ये जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली ती सापडली. नट आलाँ द्लों या गाडीसोबत दिसतो असे साठच्या दशकातले फोटो होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला ती १ कोटी ६२ लाख ८८ हजार युरोंना गेली. नंबर तोच आणि द्लों नसता तर? महाग गेली असतीच, पण एवढी नाही.

दोन दावेदार

सगळ्यात वाईट भानगड तेव्हा होते जेव्हा एका ओळखीचे दोन वारस उभे राहतात. एकाकडे मूळ चॅसिसचा तुकडा, दुसऱ्याकडे मूळ इंजिन, दोघांनीही आपापल्या भागाभोवती पूर्ण गाडी उभी केलेली. फेरारी ३७५ प्लस, ०३८४ एएम, हिचे भाग १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोमधून चोरीला गेले आणि युरोपात पोहोचले. मालकीचा वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर समेट होऊन जून २०१४ मध्ये इंग्लंडच्या गुडवुडला तिचा लिलाव झाला, एक कोटी पौंडांच्या वर किंमत आली आणि त्यानंतरही प्रकरण पुन्हा कोर्टात गेलंच. तज्ज्ञ फार तर कोणता तुकडा कुठला ते सांगू शकतो. गाडी कुणाची हे न्यायाधीशानं ठरवायचं.

कारखान्याच्या प्रमाणपत्राबद्दलही थोडं स्पष्ट बोलायला हवं. फेरारी क्लासिकेची तपासणी कडक असते आणि त्यांच्याकडे मूळ आराखडे आहेत, याबद्दल वाद नाही. पण ते तपासतात ते मुख्यतः गाडी कारखान्याच्या मूळ नोंदीबरहुकूम आहे की नाही. नसलेला भाग त्यांच्याकडूनच नवा बनवून घेता येतो. म्हणजे प्रमाणपत्र मिळालेल्या गाडीतही नवा इंजिन ब्लॉक असू शकतो. प्रमाणपत्र हा निष्कर्ष झाला. मला स्वतःला त्यामागची फाइल जास्त मोलाची वाटते, कारण कोणता भाग कधी बदलला ते फाइलमध्ये कळतं.

कुणाच्या वाड्यात, गोदामात खरोखरच अशी जुनी गाडी निघाली, मग ती इटालियन असो वा नसो, तर पहिलं काम धुणं-पुसणं नव्हे. आहे त्या जागी, आहे त्या अवस्थेत सगळीकडून फोटो काढायचे. सीटखाली, डिकीत, कप्प्यात सापडणारी प्रत्येक पावती, पेट्रोलचं बिल, सर्व्हिसचं कार्ड जपायचं. नंबर असलेल्या जागेवर पॉलिश पेपर अजिबात मारायचा नाही, कारण गंज ब्रशनं हलके निघतो पण खरवडलेला ठसा परत येत नाही. कित्येक वर्षं बंद असलेलं इंजिन 'बघू तरी चालू होतंय का' म्हणून फिरवायचं नाही. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला तर या टप्प्यावर घरातच घ्यायचं नाही.

भारतात या गोष्टींना आता कायद्याचीही बाजू आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या दुचाकी-चारचाकीला, बाहेरून आणलेली असली तरी, 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं आणि नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा इंजिन कधीकाळी बदललं गेलं असेल, तर ते कोणत्या साली, कशासाठी आणि कुठून आणलेलं, याचे कागद आरसी बुकासोबत एकाच फाइलमध्ये ठेवावेत. पुढचा खरेदीदार ते आधी मागणार आहे.